‘अलबेला’ : अमरावतीच्या भगवानदादांचे वैभव आणि पडझड
(वऱ्हाड आणि रुपेरी पडदा – लेखांक ६)

‘अलबेला’ हा १९५१ सालचा हिंदी चित्रपट. त्याचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक एकच : भगवान आभाजी पालव, म्हणजेच भगवानदादा. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीत झाला. अमरावती-अकोल्याचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत जाई, आणि तिथल्याच एका गिरणीत भगवानचे वडील कामगार होते. मुलगा मुंबईच्या कामगारवस्तीत वाढला आणि पुढे त्याच वस्तीतल्या प्रेक्षकांसाठी सिनेमे काढू लागला.

सुरुवात मूकपटातल्या छोट्या कामांनी झाली. १९३८ मध्ये त्यांनी ‘बहादुर किसान’चे सहदिग्दर्शन केले. त्यानंतर दहा-बारा वर्षे कमी खर्चाचे मारधाडपट निघत राहिले. स्वतःची ‘जागृती’ संस्था उभी राहिली, चेंबूरला स्टुडिओ झाला. आता सामाजिक चित्रपट काढा, असे राज कपूर यांनी सुचवले आणि ‘अलबेला’ची जुळवाजुळव सुरू झाली.

‘अलबेला’चा नायक प्यारेलाल हा गरीब घरातला, नाटकवेडा तरुण. बहिणीच्या लग्नासाठी पैसे उभे करायचे असतात आणि नेमकी नोकरी जाते. घरात भांडण पेटते, बाप त्याला बाहेर काढतो. नाव आणि पैसा कमावल्याशिवाय उंबरठा ओलांडणार नाही, असे सांगून तो निघतो. नटी आशा (गीता बाली) भेटते. रंगभूमी, पैसा, प्रेम सारे मिळत जाते. घरी तो पैसे पाठवत राहतो, पण ते पोहोचतच नाहीत. परततो तेव्हा आई जगात नसते आणि घराची दैना झालेली असते. गाण्यांच्या झगमगाटात ही बाजू अनेकदा विसरली जाते. चित्रपटाचा कणा मात्र तीच आहे.

संगीत पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांचे, गीते राजेंद्र कृष्ण यांची. बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन अशा वाद्यांचा ताल घरगुती कथेत मिसळला. भगवानसाठी स्वतः सी. रामचंद्र ‘चितळकर’ या नावाने गायले. पडद्यावरचा नाच त्याहून विलक्षण होता. खांदे, कोपर आणि दोन-चार हलकी पावले, एवढ्यावर हा जाडसर नायक सारा पडदा व्यापतो. हा नाच कोणालाही जमेल असे वाटे, आणि त्याच्या लोकप्रियतेचे खरे कारण हेच. पुढे अमिताभ बच्चन यांच्या नाचातही त्याची छाया दिसली.

‘अलबेला’ प्रचंड चालला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी वेगळी मोटार, अशी त्या वैभवाची वर्णने आजही सांगितली जातात. ‘झमेला’ (१९५३) आणि ‘भागम भाग’ (१९५६) यांना मात्र ते यश पुन्हा गाठता आले नाही. किशोरकुमारला घेऊन सुरू केलेला ‘हँसते रहना’ अपुरा राहिला, त्यात होते ते पणाला लागले. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. ‘चोरी चोरी’सारख्या चित्रपटांतल्या चांगल्या भूमिकांनंतर पुढची अनेक वर्षे गर्दीतल्या नाचापुरती कामे करण्यात गेली. दादरच्या चाळीत ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

२०१६ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला. मंगेश देसाई यांनी भगवानदादांची, तर विद्या बालन यांनी गीता बालींची भूमिका केली.