दुर्बिणीमागचे डोळे

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या बास पॉइंटची तटरक्षक चौकी बंद झाली आणि काही काळातच तिच्या समोरच्या पाण्यात दोन मच्छीमार बुडाले. स्थानिकांनी डिसेंबर १९९४ मध्ये तीच चौकी पुन्हा उघडली; तिथून 'नॅशनल कोस्टवॉच इन्स्टिट्यूशन' उभी राहिली. आज चौक्या ५० हून अधिक, पहारेकरी सारे बिनपगारी.

हे लोक पाण्यात उडी घेत नाहीत. दुर्बीण, रडार, व्हीएचएफ रेडिओचा ६५ क्रमांकाचा चॅनल, एवढ्यावर त्यांचं काम. कुणी भरतीत अडकलं की तटरक्षक दलाला कळवायचं. होडी धाडायची की हेलिकॉप्टर, ते दल ठरवतं. बहुतेक पाळ्यांत काहीच घडत नाही (तेच बरं!). तरी समोरून गेलेल्या होडीचं वर्णन, दिशा आणि वेळ वहीत चढते. होडी बेपत्ता झाली, तर शोध तिथून सुरू करता येतो.