बंदुकीवरील दुर्बिणीची जोडणी

बंदुकीच्या नळीचा अक्ष व दुर्बिणीची दृष्टिरेषा यांतील कोन कायम राहील अशा रीतीने दुर्बीण बंदुकीवर पक्की बसविण्याच्या क्रियेस दुर्बिणीची जोडणी म्हणतात. दुर्बिणीमुळे लक्ष्य मोठे व स्पष्ट दिसते; परंतु गोळी कोठे जाईल हे नळी ठरविते, दुर्बीण नव्हे. दुर्बीण आणि नळी यांचा एकदा जुळविलेला संबंध टिकवून धरण्याचे काम त्यांच्यामधील बैठक, कड्या आणि स्क्रू करतात. हा दुवा सैल असल्यास उत्तम भिंगांची दुर्बीणही नेमबाजाला सातत्याने फसविते.

रायफलीवर दुर्बीण बसविण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) निवडक नेमबाजांनी अशा रायफली वापरल्या होत्या. विसाव्या शतकात सैन्य आणि शिकार यांबरोबरच वन्यप्राण्यांना भुलीचे इंजेक्शन देण्याच्या बंदुकीवरही दुर्बीण आली. न्यूझीलंडमधील कॉलिन मर्डॉक यांनी १९५०–६० च्या दशकात अशा बंदुका विकसित केल्या. या बंदुकीतून गोळीऐवजी डार्ट, म्हणजे शेपटीला पिसांचा झुबका असलेली सुईची नळी सोडली जाते. कार्बन डाय-ऑक्साइड वायूच्या दाबावर चालणाऱ्या बंदुका आज भारतात वनखात्याकडे वापरात आहेत.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत या साधनाला विशेष महत्त्व आले आहे. कुकडी, मीना व घोड या नद्यांवरील धरणे आणि त्यांचे कालवे यांमुळे येथे उसाचे क्षेत्र वाढले. दाट उसात बिबट्याला वर्षातील बराच काळ आडोसा मिळतो व वस्तीवरील कुत्री, शेळ्या हे भक्ष्यही जवळच असते. २००१ ते २००३ या काळात माणसांवरील हल्ले वाढल्याने हा प्रदेश देशभर चर्चेत आला. जुन्नर तालुक्यातील माणिकडोह येथे बिबट्या निवारण केंद्र आहे. बिबट्या पकडण्यासाठी मुख्यतः पिंजरा लावला जातो. तथापि बिबट्या घरात वा गोठ्यात शिरला, तारेत अडकला किंवा जखमी असला, तर डार्टचा उपयोग करावा लागतो. केटामीन व झायलाझीन ही त्यासाठी नेहमी वापरली जाणारी औषधे होत. डार्ट मांडीच्या वा खांद्याच्या जाड स्नायूत बसावा लागतो. तो पोटात वा बरगड्यांत बसल्यास प्राण्याला गंभीर इजा होते. औषध अपुरे गेल्यास अर्धवट गुंगीतला बिबट्या जमावाच्या अंगावर किंवा उसात जातो. म्हणून येथे नेमातील काही सेंटिमीटरांचा फरक प्राण्याच्या व माणसाच्या जिवाशी निगडित असतो.

जोडणीतील दोष : कड्यांमधील अंतर १० सेंमी. आहे आणि त्यांपैकी एक कडी ०·१ मिमी. इतकीच, म्हणजे साधारण कागदाच्या जाडीएवढी सरकली, असे मानू. दुर्बिणीचा अक्ष तेवढ्याने एक हजारांश कोनीय मापाने ढळतो. त्यामुळे ३० मी. अंतरावर ३ सेंमी. आणि १०० मी. अंतरावर १० सेंमी. चूक होते. ही चूक दर वेळी सारखीच असती, तर ती सुधारता आली असती. पण सैल कडी प्रत्येक धक्क्याला नवी जागा घेते, व नेमबाज स्वतःच्या हाताला किंवा डार्टला दोष देत राहतो.

दुसरा दोष कलाचा होय. दुर्बिणीत उभ्या व आडव्या बारीक रेषांची फुली दिसते. ही फुली बंदुकीच्या मानाने तिरपी बसली, तर नेमबाज उभी रेषा सरळ धरताना नकळत बंदूकच तिरपी धरतो. रायफलीच्या बाबतीत जवळच्या अंतरावर याचा परिणाम थोडा असतो. सेकंदाला ८०० मी. वेगाची गोळी १०० मी. जाण्यास एक अष्टमांश सेकंद घेते आणि हवेचा रोध सोडल्यास तेवढ्यात सु. ८ सेंमी. खाली येते. तेवढी भरपाई म्हणून नळी किंचित वर रोखलेली असते. बंदूक ५° कलल्यास ही भरपाई बाजूला वळते व गोळी १ सेंमी.हूनही कमी सरकते.

डार्टचे गणित वेगळे आहे. त्याचा वेग सेकंदाला ६० मी. धरल्यास २० मी. जाण्यास त्याला एक तृतीयांश सेकंद लागतो व तेवढ्यात तो सु. ५४ सेंमी. खाली येतो. त्याच वेगाने ३० मी. अंतर तोडताना तो सु. १·२ मी. खाली येतो. बंदूक ५° कलल्यास डार्ट पहिल्या अंतरावर सु. ५ सेंमी. आणि दुसऱ्या अंतरावर सु. ११ सेंमी. बाजूला जातो. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात ६° सरकतो. हा कल त्याहूनही लहान आहे. म्हणजेच डार्टची बंदूक जवळून चालविली जाते म्हणून तिची जोडणी ढोबळ असली तरी चालेल, ही समजूत चुकीची आहे. दुर्बीण सरळ बसविण्याची गरज रायफलीपेक्षा येथे अधिक असते.

जोडणीची पद्धत : प्रथम बंदुकीत डार्ट वा दारूगोळा नाही आणि वायूचा दाब सोडलेला आहे, याची खात्री करून घेतात. बैठकीची खाच, कड्या व स्क्रूंचे आटे स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढतात. दुर्बिणीच्या नळीचा व्यास बहुधा २५·४ मिमी. किंवा ३० मिमी. असतो, कड्या नेमक्या त्याच मापाच्या लागतात. कागद वा रबर घालून मोठी कडी बसविणे हे सैलपणाला आमंत्रण होय. कड्यांचा प्रकारही बंदुकीवरील खाचेशी जुळला पाहिजे. शक्य तितक्या दूर ठेवलेल्या दोन कड्या दुर्बिणीला अधिक स्थैर्य देतात.

खालच्या अर्ध्या कड्या बैठकीवर आवळल्यावर दुर्बीण त्यांत ठेवून ती पुढे-मागे सरकवितात. बंदूक खांद्याला लावताच मान न ताणता दुर्बिणीतील संपूर्ण वर्तुळ दिसेल, अशी जागा निवडतात. नंतर बंदूक पाणसळीने समतल करून काही अंतरावर ओळंबा टांगतात आणि फुलीची उभी रेषा ओळंब्याच्या दोरीशी जुळवितात. वरच्या अर्ध्या कड्या बसविताना दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवतात. स्क्रू एका बाजूचे पुरते न आवळता समोरासमोरचे थोडेथोडे आवळावेत. नाहीतर आवळतानाच दुर्बीण फिरते. कड्यांच्या स्क्रूंना साधारणतः २ न्यूटन-मीटर पीळ पुरतो. निर्मात्याने दिलेला आकडा मात्र प्रमाण मानावा. अधिक जोराने दुर्बिणीची नळी चेपते व आतील भिंगांची रचना बिघडते. शेवटी स्क्रूचे डोके व कडी यांवरून रंगाची एक बारीक रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली, की स्क्रू फिरला हे विनासायास कळते.

नेम जुळविणे : जोडणी झाल्यावर बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून ठराविक अंतरावरील पुठ्ठ्यावर तीन ते पाच वेळा नेम धरतात. डार्टच्या बंदुकीसाठी पाणी भरलेले, प्रत्यक्ष वापरातील वजनाचेच डार्ट घेतात. खुणांचा पुंजका लहान पण केंद्रापासून दूर असेल, तर दुर्बिणीच्या फिरक्या वळवून तो केंद्रावर आणतात. पुंजकाच विस्कटलेला असेल, तर फिरक्यांना हात न लावता आधी स्क्रू तपासावेत. अंतर, वायूचा दाब व डार्टचे वजन यांची नोंद बंदुकीसोबत ठेवतात. कच्च्या रस्त्यावरून जीपमधून प्रवास झाल्यावर पुन्हा एक चाचणी डार्ट सोडून पाहणे इष्ट असते.

मर्यादा : जोडणी निर्दोष असूनही नेम चुकू शकतो. २० मी.साठी दाब ठेवून डार्ट २५ मी.वरील प्राण्यावर सोडल्यास तो जवळजवळ वीतभर खाली लागतो. रात्रीचा अंधार, उसाची पाती, धावता प्राणी व जमावाचा गोंगाट यांमुळे अडचण वाढते. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत तीन बळी गेले. त्यानंतरच्या मोहिमेत डार्ट लागू शकला नाही, बिबट्या चाल करून आला व त्याला गोळी घालावी लागली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार प्राणी पकडणे, त्याला भूल देणे वा त्याचे स्थलांतर करणे शक्य नसल्याची खात्री झाल्यावरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची अनुज्ञा देऊ शकतो. डार्ट हा म्हणून गोळीपूर्वीचा एक महत्त्वाचा मार्ग ठरतो. अंतर, अंधार व प्राण्याची हालचाल यांवर नेमबाजाची सत्ता नसते. दुर्बिणीची जोडणी मात्र दिवसाउजेडी, टेबलावर, सवडीने तपासता येते. तेवढी एक चूक शेतात सोबत न नेणे सर्वस्वी त्याच्या हातात असते.