कनेक्टिंग फ्लाइट चुकली? भरपाईसाठी उशीर मोजतात शेवटच्या विमानतळावर!

समजा, म्युनिकहून अबुधाबीमार्गे मुंबईला येणाऱ्या प्रवाशाचं पहिलं विमान ५० मिनिटं उशिरा पोहोचलं आणि मुंबईचं विमान चुकलं. पुढच्या विमानात जागा मिळाली, पण घरी पोहोचायला नऊ तास उशीर झाला. कंपनी म्हणते, "आमचं विमान फक्त ५० मिनिटं लेट होतं." बरेच प्रवासी इथेच गप्प बसतात. पण या प्रवासात ६०० युरोंचा हक्क बनू शकतो.

नियम काय सांगतो?

युरोपियन युनियनच्या २००४ सालच्या नियमावलीनुसार अंतर पाहून २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई ठरते. तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला तरी ती लागू होते, असं युरोपियन न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं.

२०१३ मध्ये याच न्यायालयापुढे ब्रेमेन-पॅरिस-साओ पावलो-असुन्सिओन या प्रवासाचं प्रकरण आलं. पहिलं विमान अडीच तासांहून थोडं कमी लेट होतं, पण प्रवासी शेवटी ११ तास उशिरा पोहोचली. न्यायालय म्हणालं, उशीर अंतिम ठिकाणी पोहोचण्याच्या वेळेवरून मोजायचा.

हा हक्क कोणाला?

• सगळी विमानं एकाच बुकिंगमध्ये हवीत. स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी तिकिटं काढली, तर पुढचं विमान चुकल्याची भरपाई मिळत नाही.
• युरोपियन युनियनमधून निघणाऱ्या प्रवासाला कोणतीही कंपनी चालते. मुंबईहून तिकडे जाताना मात्र विमान युरोपियन कंपनीचं असावं लागतं. म्हणजे त्याच आखाती कंपनीने जाताना हक्क नाही, येताना आहे.
• खराब हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला, तर रोख भरपाई नाही. जेवण आणि गरज पडल्यास हॉटेलची सोय मात्र करावीच लागते. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड सहसा या सवलतीत बसत नाही.

भारतात काय?

डीजीसीएच्या नियमांत नुसत्या उशिरासाठी अशी ठरलेली रोख रक्कम नाही. ठरावीक उशिरानंतर खाणंपिणं द्यावं लागतं. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांतून प्रवाशाने निवड करायची असते. विमान वेळेत न कळवता रद्द केलं, तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाई आहे. मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून रक्कम त्याहून कमी होत असेल, तर तेवढीच मिळते.

विमान चुकल्यावर काय करावं?

बोर्डिंग पास जपून ठेवावेत. उशिराचं कारण कंपनीकडून लेखी मागावं. शेवटच्या ठिकाणी विमानाचं दार कधी उघडलं ती वेळ टिपून ठेवावी, कारण पोहोचण्याची वेळ तीच धरतात. जेवण-हॉटेलची बिलंही सांभाळावीत. कंपनीने व्हाउचर पुढे केलं, तर सही करण्याआधी रोख रकमेचा हक्क त्यात सुटत नाही ना, हे वाचून घ्यावं.