किराणा दुकानावरचं मैदान

मैत्रिणींनो, आइस हॉकी हे शब्द वाचून पान उलटू नका हं! २०२३ च्या डिसेंबरपर्यंत मलाही या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. बर्फावर माणसं एकमेकांच्या अंगावर जाऊन आदळतात, एवढंच ऐकून ठाऊक. पण धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी कॅनडात पाच महिने राहिले आणि येताना डिंकाच्या लाडवांच्या रिकाम्या डब्यातून एका हॉकी टीमचं वेड घेऊन आले. ते वेड अजून उतरलेलं नाही.

धाकटी टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला राहते. आईला आता एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून मी गेले. बहीण अडतीस वर्षांची, पहिली मुलगी दहा वर्षांची, आणि आता हे दुसरं. ‘ताई, या वयात परत सगळं पहिल्यापासून!’ असं ती दिवसातून दोनदा म्हणायची. मी मेथी निवडत ऐकून घ्यायची.

१ जानेवारी २०२४. बाहेर कडाक्याची थंडी आणि भाची टीव्हीसमोरून हलायला तयार नाही. जेवायला ये म्हटलं तर म्हणे, ‘मावशी, आज पहिली मॅच आहे. बायकांची. खऱ्या पगाराची!’ हे ‘खऱ्या पगाराची’ ऐकून मी पोळ्या बाजूला ठेवल्या आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.

झालं होतं असं. कॅनडात हॉकी म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. पुरुष खेळाडूंना लाखो डॉलर मिळतात. आणि बायका? देशासाठी ऑलिंपिकची सुवर्णपदकं जिंकून आणणाऱ्या बायका दिवसा नोकरी करायच्या आणि रात्री सरावाला जायच्या. त्यांची एक लीग २००७ पासून चालू होती. तिच्यात पहिली दहा वर्षं पगारच नव्हता. २०१७ पासून थोडंफार मानधन सुरू झालं आणि २०१९ मध्ये ती लीगच बंद पडली. मग या मुलींनी एक धाडस केलं. धड पगार, धड सोयी देणारी लीग मिळेपर्यंत उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याच लीगमध्ये खेळणार नाही, असं दोनशेच्या आसपास खेळाडूंनी मिळून जाहीर केलं. ऐन उमेदीची चार-साडेचार वर्षं त्यांनी अशी काढली. नुसते प्रदर्शनाचे सामने खेळायचे आणि वाट बघायची. खेळाडूचं वय काय थांबतं का? तरी थांबल्या. त्यातून उभी राहिली ही नवी लीग. तिच्यामागे टेनिसमधली थोर खेळाडू बिली जीन किंग होती. पहिल्या वर्षी सहा संघ, प्रत्येकाचे चोवीस सामने. कमीत कमी पगार वर्षाला ३५ हजार अमेरिकी डॉलर आणि संघाची सरासरी ५५ हजार. तिथल्या मानाने ही काही श्रीमंती नाही. पण करार लेखी होता आणि त्यात बाळंतपणाचाही विचार केलेला होता.

ती पहिली मॅच कुठे झाली, ते सांगते. टोरांटोत मेपल लीफ गार्डन्स नावाची १९३१ सालची जुनी इमारत आहे. पुरुषांचा प्रसिद्ध संघ मेपल लीफ्स तिथे खेळायचा. १९९९ मध्ये ते नव्या स्टेडियममध्ये गेले आणि या इमारतीत पुढे चक्क किराणामालाचं मोठं दुकान आलं! वरच्या मजल्यावर एका विद्यापीठाने बर्फाचं मैदान केलं, तिथे आमच्या बायकांचा संघ खेळायचा. खाली कांदे-बटाटे आणि वर हॉकी. त्या दुकानात मी मुद्दाम जाऊन आले. जुन्या मैदानाचा मध्यबिंदू जिथे होता, तिथे फरशीवर लाल ठिपका काढून ठेवलाय. लोक त्यावरून ट्रॉल्या ढकलत जातात. मी थांबून त्याचा फोटो काढला, तर भाची लाजून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली.

त्या पहिल्या मॅचमध्ये टोरांटोचा न्यूयॉर्ककडून ४-० असा सपशेल पराभव झाला. भाची रडकुंडीला आली. संघाला तेव्हा नावसुद्धा नव्हतं. घाईघाईत सगळं उभं केलेलं, त्यामुळे जर्सीवर नुसतं तिरक्या अक्षरात ‘टोरांटो’. नावाशिवायचं बारसं, असं मी म्हटलं. ‘सेप्टर्स’ हे नाव पुढे सप्टेंबरात मिळालं, तोवर मी इकडे परतही आले होते.

जानेवारीभर हारच जास्त. दुसऱ्या आठवड्यात बाळ आलं आणि घराचं वेळापत्रक कोलमडलं. त्या वर्षी सामने यूट्यूबवर फुकट दिसायचे, म्हणून रात्री बाळाला पाजताना धाकटी मोबाइलवर झालेले सामने बघायची. मी डिंकाचा लाडू आणि दूध घेऊन जायची आणि तिथेच टेकायची. खेळाचे नियम मी या अशा रात्रींत शिकले. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. बर्फावर एका वेळी सहाजणी, त्यातली एक गोलरक्षक. जोर इतका लागतो, की पाऊण-एक मिनिटात खेळाडू बदलतात, खेळ न थांबवता! चूक केली की दोन मिनिटं काचेच्या खोपटात जाऊन बसायचं. संघाने तेवढा वेळ एक खेळाडू कमी घेऊन खेळायचं. आमच्या शाळेत बाई कोपऱ्यात उभं करायच्या, तसंच. पण या लीगने एक गमतीदार नियम केला होता. एक खेळाडू कमी असतानाही तुमच्या संघाने गोल केला, तर आत बसलेलीची ताबडतोब सुटका! त्याला ते ‘जेलब्रेक’ म्हणतात. मला हा नियम फार आवडला. एकीची शिक्षा बाकीच्यांनी खेळून माफ करून घ्यायची.

आणि मग नॅटली स्पूनर. चोवीस नंबरची जर्सी, उंचीपुरी, टोरांटोच्याच भागातली. वय तेव्हा तेहतीस. डिसेंबर २०२२ मध्ये तिला मुलगा झाला. आणि एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे बाळ चार महिन्यांचं असताना, ती कॅनडाकडून जागतिक स्पर्धेत खेळली. ती स्पर्धा नेमकी ब्रॅम्प्टनलाच झाली होती आणि भाचीने तिला प्रत्यक्ष बघितलं होतं. भाचीला त्याचं विशेष काहीच वाटलं नव्हतं. ‘ती मस्त खेळते’ एवढंच. धाकटीने मात्र हे पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री बाळ खांद्यावर घेऊन बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ताई, मला जिना चढला तरी दम लागतोय गं.’

मी म्हटलं, ‘तिच्याकडे डॉक्टर, ट्रेनर असतील. तू तिच्याशी बरोबरी करू नकोस.’ खरंच सांगते, अशी गोष्ट ऐकली की मला जरा धास्तीच वाटते. एक बाई चार महिन्यांत उभी राहिली, की बाकीच्या सगळ्यांना ‘बघा, ती बघा’ म्हणून ऐकवायला लोक मोकळे. बाळंतिणीला सव्वा महिना नुसतं पडू द्यावं, या मताची मी आहे आणि राहीन.

पण खेळ बघताना हे सगळं विसरायला व्हायचं. स्पूनर गोलच्या अगदी तोंडाशी जाऊन ठाण मांडायची. दोघी-तिघी तिला ढकलतायत, काठ्या मारतायत, आणि ही हलत नाही. सुबक, नाजूक गोल नव्हेत ते. धक्काबुक्कीत, पडता पडता केलेले. नवरात्रात देवळाच्या रांगेत जागा धरून उभ्या राहणाऱ्या आमच्या काकू आठवायच्या मला.

फेब्रुवारीत वारं फिरलं. टोरांटो जिंकायला लागलं ते थांबेचना. सलग अकरा सामने! त्यातच १६ फेब्रुवारीचा मॉन्ट्रियलविरुद्धचा सामना होता. तो किराणा दुकानावर नाही, तर पुरुषांच्या मोठ्या स्कोशियाबँक अरीनात ठेवला होता. मेहुण्यांनी तीन तिकिटं मिळवली होती. धाकटी म्हणाली, ‘तुम्ही जा, मी बाळाजवळ टीव्हीवर बघते.’ ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आत गेले आणि पाहतच राहिले. १९,२८५ माणसं! बायकांच्या हॉकीला त्याआधी कधीच एवढी गर्दी झाली नव्हती. आज्या होत्या, बाप आपल्या लेकींना खांद्यावर घेऊन आलेले, आणि हॉकीच्या जर्सी घातलेल्या लहान मुलींचे थवेच्या थवे. टोरांटो ३-० ने जिंकलं. मी आयुष्यात इतकी ओरडले नव्हते. शेजारची म्हातारी बाई मला इंग्रजीत काहीतरी सांगत रडत होती. तिच्या बोलण्यातलं मला एवढंच कळलं, की तिच्या लहानपणी मुलींना हॉकी खेळूच देत नसत.

घरी येऊन मी हे चाळून पाहिलं. १९५५ मध्ये अ‍ॅबी हॉफमन नावाची टोरांटोतली मुलगी केस कापून, मुलगा म्हणून हॉकीच्या संघात खेळली होती आणि जन्मदाखल्यावरून पकडली गेली. जस्टिन ब्लेनी या टोरांटोच्याच मुलीला तर ऐंशीच्या दशकात मुलांच्या संघात खेळण्यासाठी थेट कोर्टात जावं लागलं. म्हणजे कॅनडासारख्या देशातही हे काल-परवाचंच! आमच्या तालुक्यात कबड्डीत चमकणाऱ्या मुली दहावीनंतर मैदानावरून कशा गायब होतात, ते मी दरवर्षी बघते. मला वाटायचं, हे आपल्याकडेच.

भाचीने मध्येच विचारलं, ‘मावशी, इंडियाची टीम आहे?’ आहे की! लडाखच्या मुली आहेत. २०१७ मध्ये त्यांनी पहिला आंतरराष्ट्रीय सामना जिंकला. २०१८ मध्ये कॅनडाची हेली विकनहायझर त्यांना शिकवायला लेहला गेली होती. पुढे २०२५ मध्ये त्यांनी आशिया कपात ब्राँझ जिंकलं, तेव्हा मी ती बातमी भाचीला आठवणीने पाठवली.

२० एप्रिलला मॉन्ट्रियलमध्ये २१,१०५ लोकांसमोर आमचा संघ पुन्हा जिंकला आणि गर्दीचा आपलाच विक्रम मोडला. मे उजाडला तेव्हा आम्ही ४७ गुणांसह पहिल्या नंबरावर. ‘आम्ही’ म्हणायला मी केव्हा लागले, ते मलाही आठवत नाही. स्पूनरचे चोवीस सामन्यांत वीस गोल झाले. लीगमध्ये तिच्या जवळपासही कोणी नव्हतं.

आता गंमत ऐका. शेवटच्या दिवशी टोरांटोने ओटावाला हरवलं. त्यामुळे ओटावा बाहेर पडलं आणि धडपडत, शेवटचे पाच सामने हरत आलेल्या मिनेसोटाला चौथी जागा मिळाली. या लीगमध्ये पहिल्या नंबराच्या संघाला उपांत्य फेरीचा प्रतिस्पर्धी निवडता येतो. तिसरा नंबर बॉस्टन की चौथा मिनेसोटा? आमच्यांनी मिनेसोटा निवडला. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी धाकटीला म्हटलं, ‘दारात आलेल्याला कमकुवत म्हणून निवडू नये गं.’ ती हसली.

पाचपैकी तीन जिंकायचे. पहिला ४-०, दुसरा २-० असे जिंकलो. एकच हवा होता. १३ मे चा तिसरा सामना मिनेसोटात. त्यात स्पूनरची टक्कर झाली आणि ती बर्फावरून उठली ती गुडघा धरूनच. परत आलीच नाही. तो सामना २-० ने गेला. चौथा गोलशून्य बरोबरीत राहिला, जादा वेळ, पुन्हा जादा वेळ, आणि शेवटी एकाच गोलाने गेला. आमच्याकडे मध्यरात्र होत आलेली. बाळ झोपलेलं, म्हणून कोणी ओरडलंही नाही. भाचीने नुसती उशी तोंडावर धरली.

१७ मे चा पाचवा सामना टोरांटोत झाला. ४-१ ने हरलो. संपलं. त्याच मिनेसोटाने पुढे बॉस्टनला हरवून करंडकही नेला.

बाकीच्या साध्यासुध्या होत्या असं नाही. सेरा नर्स होती, कप्तान ब्लेर टर्नबुल होती. गोलरक्षक क्रिस्टन कॅम्पबेल तर वर्षातली सर्वोत्तम गोलरक्षक ठरली. पण स्पूनर गेल्यावर तीन सामन्यांत मिळून एकच गोल झाला! घरातली एक बाई अंथरुणाला खिळली, की कुठल्या डब्यात काय आहे हे कोणालाच माहीत नसतं, तसं झालं होतं. ती गोलपाशी उभी राहायची ती जागा प्रत्येक वेळी रिकामी दिसायची. इतक्या महिन्यांत दुसऱ्या कोणाला तिथे उभं राहायला शिकवायचं राहूनच गेलं, असं मला तरी वाटलं. मेहुणे म्हणाले, ‘ताई, नशीब वाईट.’ मला काही ते पटलं नाही. जो एकटा ओढतो त्याच्यावर सगळं टाकून देणं सोपं असतं, त्याला नशीब कशाला म्हणायचं?

लीगची सर्वोत्तम खेळाडू म्हणून बिली जीन किंग यांच्या नावाचा पुरस्कार जूनमध्ये स्पूनरला मिळाला. त्याच महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी तोवर घरी परत आले होते. पुरुषांच्या मेपल लीफ्सनी १९६७ नंतर करंडक जिंकलेला नाही. त्यामुळे टोरांटोच्या लोकांना हरण्याची सवय आहे, असं मेहुणे फोनवर सांगायचे. मला नव्हती. मंडळाच्या मीटिंगमध्ये बचत गटाचे हिशेब चालू असतानाही माझ्या डोक्यात तो गुडघा!

स्पूनर फेब्रुवारी २०२५ मध्ये परत खेळली. त्या मोसमातही टोरांटो उपांत्य फेरीत हरलं, आणि कोणाकडून? मिनेसोटाकडूनच. आता तर लीगमध्ये व्हँकुव्हर आणि सिअ‍ॅटल हे संघही आलेत आणि सेरा नर्स २०२५ मध्ये व्हँकुव्हरला गेली. भाची तिच्यावर अजून रागावलेली आहे.

स्पूनर परत उतरली तेव्हा धाकटीची रजा संपून तिला ऑफिसला लागून तीन आठवडे झाले होते. बाळ पाळणाघरात रोज रडायचं आणि ही बसमध्ये. सकाळी मी चहा टाकत होते, तेव्हा तिचा मेसेज आला. ‘ताई, २४ नंबर आली. पळताना जरा सांभाळून पळतेय, पण गोलच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.’ खाली भाचीने लिहिलं होतं, ‘मावशी, यूट्यूब लाव लवकर!’ चहा उतू गेला, ते मग लक्षात आलं.