खिडकीवरचा नकार आणि घरातली गोळी

रक्तदाब आटोक्यात असलेल्या रुग्णाचा दाब एकाएकी वाढलेला आढळला, की डॉक्टर ठरावीक प्रश्न विचारतात. गोळी चुकली का? खाण्यात मीठ वाढले का? झोप लागते का? अलीकडे मी त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घातली आहे : घरात कुणाची नोकरी गेली आहे का? साठीपुढच्या रुग्णाकडून याचे उत्तर लगेच येत नाही. आधी चष्मा पुसला जातो, पदराचे टोक बोटांना गुंडाळले जाते आणि मग हळू आवाजात कळते, की मुलाची कंपनी बंद झाली आहे, तो ऑफिसात हेलपाटे घालतो आहे, पण तिथे कुणी धड सांगत नाही.

नोकरी जाण्याचा धक्का मोठा असतोच. पण त्यानंतरचे हेलपाटे माणसाला अधिक पोखरतात. ‘आज साहेब नाहीत’, ‘सर्व्हर बंद आहे’, ‘हा कागद चालत नाही’ ही वाक्ये महिनोन्‌महिने ऐकणारा मुलगा संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच आईची भूक मरते. म्हणून हा विषय केवळ अर्जाचा नाही, कुटुंबाच्या आरोग्याचाही आहे.

ही भीक नव्हे, भरलेल्या वर्गणीचा परतावा आहे

आपल्याकडे बेकारीच्या काळात काही मदत मिळते, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे बोलीभाषेतील ‘ईएसआयसी’त, २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार येतात. जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी जमा होते. या वर्गणीच्या बळावर बेकारीसाठी दोन योजना आहेत.

पहिली, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. कारखाना बंद पडला, कामगार कपात झाली, किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीमुळे किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व येऊन नोकरी गेली, तर पात्र कामगाराला जास्तीत जास्त २४ महिने भत्ता मिळू शकतो : पहिले वर्ष सरासरी दैनिक वेतनाच्या निम्मा, दुसरे वर्ष पाव. या काळात त्याच्यावर व त्याच्या कुटुंबावर वैद्यकीय उपचारही चालू राहतात.

दुसरी, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची. ही आयुष्यात एकदाच आणि ९० दिवसांपर्यंत मिळते. आरंभी मदत वेतनाच्या पाव हिश्शाइतकी होती. २०२० मध्ये ती निम्म्यापर्यंत वाढविण्यात आली. सरासरी दैनिक वेतन ५०० रुपये धरले, तर रोजचे २५० याप्रमाणे ९० दिवसांचे २२,५०० रुपये होतात. ही रक्कम डोळ्यांत भरणारी नसेल. पण वाणसामान, विजेचे बिल आणि आईबाबांची औषधे यांचा तीन महिन्यांचा भार ती पुष्कळ हलका करते. या योजनेला ठरावीक मुदतीची वाढ मिळत आली आहे. म्हणून अर्जापूर्वी मुदत आणि चालू दर पडताळून पाहावा. गैरवर्तनामुळे काढलेल्यांना, सेवानिवृत्तांना किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ही मदत मिळत नाही.

येथे घरातील वडीलधाऱ्यांनी एक गोष्ट मुलाच्या कानावर घालावी. कामावरून कमी करताना ‘हिशेब लवकर मिळेल’ असे सांगून तयार राजीनाम्यावर सही घेण्याचा प्रकार सर्रास चालतो. कपात ही कपात म्हणून कागदावर आली पाहिजे. घाईने केलेली सही पुढे खिडकीवर ‘तुम्ही स्वतःच नोकरी सोडली’ या वाक्याच्या रूपाने परत येते.

तोंडी नकार हा नकार नव्हे

खिडकीपलीकडचा प्रत्येक कर्मचारी दुष्ट असतो असे मुळीच नाही. अपुरी माणसे, लांबलचक रांग आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलणारे नियम यांत तोही भरडला जातो. पण ज्याला नियम ठाऊक नाही, त्याला ‘होत नाही’ म्हणणे सर्वांत सोपे वाटते. असे तोंडी उत्तर कुठेच नोंदले जात नाही. त्याची जबाबदारी कुणावर नसते आणि त्यावर दादही मागता येत नाही. आपला सगळा प्रयत्न त्या उत्तराला कागदावर आणण्याचा असावा.

वारंवार ऐकू येणारी दोन वाक्ये पाहू.

‘मालकाची सही आणा.’ ज्या मालकाने काढून टाकले, तो फोनही उचलत नाही, मग सही कोठून आणायची? अटल योजनेत २०२० पासून कामगाराला आपला अर्ज थेट शाखा कार्यालयात देता येतो आणि मालकाकडून पडताळणी करून घेणे हे कार्यालयाचे काम ठरते. नोकरी गेल्यापासून ३० दिवसांनी हा दावा करता येतो.

‘तुमचे कार्ड बंद झाले.’ हे वाक्य ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत घातक आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका बहात्तर वर्षांच्या आजींनी मधुमेहाची आणि रक्तदाबाची गोळी दोन महिने अर्धी-अर्धी करून घेतली. मुलाची नोकरी ऑगस्टअखेर गेली होती आणि दवाखान्याच्या खिडकीवर त्यांना ‘आता औषध मिळणार नाही’ असे सांगण्यात आले होते. वस्तुतः त्या योजनेत एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर तिचा लाभ पुढील जानेवारी ते जून या काळात मिळतो. ऑक्टोबर ते मार्चमधील वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबर या काळात. मुलाने मार्चअखेरपर्यंत आणि पुढे ऑगस्टपर्यंत सलग काम केले होते. म्हणजे आजींची औषधे पुढच्या ३० जूनपर्यंत मिळायला हवी होती. मुलाने वर्गणीच्या नोंदीची प्रत जोडून लेखी अर्ज दिला आणि तिसऱ्या आठवड्यात औषधे सुरू झाली. तोवर त्यांची उपाशीपोटीची साखर दोनशेच्या वर गेली होती.

खिडकीवर जाताना

डॉक्टरकडे येताना आपण जुने रिपोर्ट आणतो, तसेच कार्यालयात जातानाही एक फाइल असावी. तीत विमा क्रमांक, आधार व बँक पासबुकाची प्रत, वेतनचिठ्ठ्या, कामावरून कमी केल्याचे पत्र आणि वर्गणीची नोंद ठेवावी. मूळ कागद कुणाच्याही हाती सोडू नयेत.

दोन मिनिटांत सांगता येईल असे निवेदन घरी लिहून न्यावे : नाव, विमा क्रमांक, कामाचा शेवटचा दिवस, कोणत्या योजनेखाली अर्ज आहे. कंपनीने किती अन्याय केला ही कहाणी खिडकीवर सांगू नये. ती खरी असली तरी तिथे तिचा उपयोग नसतो आणि आपलाच श्वास वाढतो.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. अर्ज घेण्यासच नकार मिळाला, तर शांतपणे म्हणावे, ‘आपण नाही म्हणता ते मी समजलो. कृपया या अर्जावर कारण लिहून सही करून द्या.’ पुष्कळदा याच वाक्यानंतर अर्ज स्वीकारला जातो. तरीही घेतला नाही, तर तोच अर्ज शाखाधिकाऱ्यांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी. प्रत्येक भेटीची तारीख, भेटलेल्या व्यक्तीचे पद आणि मिळालेले उत्तर वहीत लिहावे. ही वही घरातील निवृत्त आजोबांकडे सोपवावी. त्यांच्याइतक्या नेटकेपणाने ती कुणी ठेवणार नाही, आणि संकटात आपण उपयोगी पडत आहोत या भावनेने त्यांचीही झोप सुधारते.

त्यापुढच्या पायऱ्याही आहेत. महामंडळाचा निःशुल्क दूरध्वनी १८००-११-२५२६ आहे. तक्रारी ऐकण्यासाठी ‘सुविधा समागम’ भरतो. त्याचा दिवस कार्यालयात विचारावा. माहिती अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर कोणती कार्यवाही झाली?’ एवढाच प्रश्न विचारला, तर ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. वाद कायद्यापर्यंत गेला, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना कायद्याने तेथे मोफत वकील मिळू शकतो.

रांगेतले शरीर

कधी मुलाबरोबर, तर कधी स्वतःच्या निवृत्तिवेतनासाठी, वयस्क माणसेही रांगेत उभी राहतात. त्यांच्यासाठी वैद्यकीय सूचना.

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन न्याहारी न करता निघू नये. रांगेत घाम सुटणे, हात थरथरणे, बोलणे अडखळणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. तत्काळ तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्यावे. ‘तिथे स्वच्छतागृह नाही’ म्हणून पाणी पिणे टाळणाऱ्या ज्येष्ठांना चक्कर आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांचा धोका असतो. पाण्याची बाटली, राजगिऱ्याची वडी आणि औषधांची यादी पिशवीत असावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अर्ज अडला म्हणून औषध अडू देऊ नये. रक्तदाबाची काही औषधे एकदम थांबविली तर दाब उसळी घेतो. ॲटेनोलॉलसारखी गोळी अचानक बंद केल्यास छातीत दुखणेही उद्भवू शकते. पैशांची अडचण असल्यास गोळी अर्धी करण्याआधी आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही. आम्ही महागडे औषध बदलून देऊ शकतो, जनऔषधी केंद्रातील स्वस्त पर्याय लिहून देऊ शकतो. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत, उत्पन्नाची अट न घालता, रुग्णालयातील उपचारांसाठी कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. शिवाय ‘यांना ही औषधे अखंड चालू ठेवणे आवश्यक आहे’ असे डॉक्टरांचे पत्र घेऊन अर्जाला जोडावे. असे पत्र आम्ही आनंदाने देतो.

ज्या ज्येष्ठांनी स्वतः या विमा योजनेत किमान पाच वर्षे काढून वयोमानाने निवृत्ती घेतली आहे, त्यांना वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. ही सोय असूनही कितीतरी निवृत्त कामगार तिच्यापासून अनभिज्ञ आहेत.

घरातले बोलणे

मुलगा परत आल्यावर दारातच ‘काय झाले?’ असे विचारू नये. पाणी द्यावे, जेवण होऊ द्यावे. विचारायचेच तर ‘आज कागद घेतला का?’ असे विचारावे. कारण काम होणे त्याच्या हाती नाही, कागद देणे मात्र आहे. आठवड्यातून दोन दिवस कार्यालयासाठी ठरवावेत आणि उरलेल्या दिवशी तो विषय बंद ठेवावा. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण जुनी आहे. त्या सहा महिन्यांत घर आजारी पडू न देणे आपल्या हाती आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडणे, माणसे टाळणे, दारू वाढणे, ‘मी तुम्हाला ओझे झालोय’ असे बोलणे, ही नैराश्याची चिन्हे होत. अशा वेळी ‘जिवाचे काही बरेवाईट करावेसे वाटते का?’ असे सरळ, मायेने विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात रुजत नाही. उलट कोंडलेले मन मोकळे होते. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही निःशुल्क सेवा रात्रंदिवस चालू असते.

आपण या आठवड्यात दोनच गोष्टी कराव्यात. घरातील कमावत्या व्यक्तीचा विमा क्रमांक आणि वर्गणीची नोंद एका कागदावर उतरवून फाइलमध्ये ठेवावी, नोकरी शाबूत असली तरीही. आणि आपल्या औषधांच्या डब्यात किती दिवसांच्या गोळ्या उरल्या आहेत ते मोजावे. पंधरा दिवसांपेक्षा कमी असतील, तर कार्यालयाच्या उत्तराची वाट न पाहता आधी दवाखान्यात यावे.