राज्याची मानचिन्हं आणि कोल्हापूरचं रान

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा, राज्यफूल ताम्हण आणि राज्य फुलपाखरू नीलवंत, म्हणजेच ब्लू मॉरमॉन. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना ही यादी तोंडपाठ असते. यादीतली नावं रानात कशी नांदतात हे पाहायचं असेल, तर कोल्हापूर जिल्ह्याची पश्चिम बाजू हिंडावी. शाहूवाडीपासून चंदगडपर्यंतच्या घाटपट्ट्यात ही पाचही एकाच मुलखात भेटतात.

त्याचं मूळ पावसात आहे. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यातल्या शिरोळला तो पाच-सहाशेवर थांबतो. एवढ्या थोड्या अंतरात सदाहरित जंगल, जांभ्या दगडाचे सडे, माळरान आणि उसाचे मळे असे सगळे थर लागतात. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या याच डोंगरांतून येतात आणि गुप्त सरस्वतीसह पंचगंगा होतात.

या पट्ट्याचं काळीज म्हणजे राधानगरी. संस्थानकाळात हे शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ साली ते दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून जाहीर झालं. महाराष्ट्रातलं हे सर्वांत जुनं अभयारण्य. आज त्याचं क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या चार जागा निवडल्या गेल्या. गवा राज्यचिन्हांत नाही. तरी दाजीपूरची ओळख गव्यामुळेच झाली आणि त्याच्या संरक्षणात बाकीचं रानही टिकलं.

शेकरू म्हणजे तांबूस पाठीची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. शेपटीसकट लांबी सुमारे तीन फूट, वजन दोन किलोच्या घरात. या झाडाच्या शेंड्यावरून त्या झाडाच्या शेंड्यावर वीसेक फुटांची झेप ते सहज घेतं. जमिनीवर क्वचितच उतरतं. एकच शेकरू काटक्या-पानांची अनेक घरटी बांधतं. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली मुख्यतः त्याच्यासाठी झालं. झाडांचे माथे एकमेकांना भिडलेले असतील तिथेच शेकरू राहतं. मधे रुंद रस्ता आला, की त्याची वाट खुंटते.

हरियाल हे पिवळ्या पायांचं हिरवट कबुतर. वड, पिंपळ, उंबर पिकले, की थवे उतरतात आणि पानांत असे मिसळतात की शेजारी उभं राहूनही दिसत नाहीत. हरियाल जमिनीला पाय लावत नाही, असं जुने लोक सांगतात. त्याचं जगणं खरोखरच झाडावरचं आहे.

ताम्हण ओढ्याकाठचं झाड. एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या सुमारास, ते जांभळ्या फुलांनी भरून येतं. त्याचं टिकाऊ लाकूड होड्यांसाठी वापरत आले आहेत. आंब्याचं नाव काढलं की हापूस आठवतो. रानाला आणि पाखरांना मात्र बांधावरचा जुना रायवळ जास्त मोलाचा.

राज्य फुलपाखरू निवडणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. २०१५ साली नीलवंताला तो मान मिळाला. काळ्या मखमली पंखांवर निळे पट्टे आणि पंखांचा विस्तार पंधरा सेंटिमीटरपर्यंत. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातली पानं खातात, म्हणून परसातलं एखादं लिंबू, पपनस किंवा रानातलं माकडलिंबू त्याला पुरतं. पुढे २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवृक्ष झाला आणि २०२३ मध्ये पापलेट हा राज्यमासा. घाटाखालच्या किनाऱ्यालाही असा मान मिळाला.

मान मिळाला म्हणजे जीव वाचला, असं मात्र नाही. कोल्हापूर संस्थानात एके काळी शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार होई. त्यांना सांभाळणारे चित्तेवान ही इथली शान होती. देशी चित्ते दुर्मिळ झाले, तेव्हा ते आफ्रिकेतून आणावे लागले. १९५२ साली तर भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. कौतुक पुष्कळ होतं, पण माळरान आणि त्यावरचा जीव कुणी राखला नाही.

आज धोका वेगळ्या वाटेने येतो. रस्ता रुंद करताना वड आणि रायवळ आंबे पडतात, ओढ्याचे काठ शेतात मिसळतात, वणव्यात सडे जळतात. पाचही मानचिन्हं शेवटी झाडांवर आणि झुडपांवर उभी आहेत. म्हणून या दिवाळीत एवढंच ठरवू या : बांधावरचा उंबर आणि रायवळ तोडायचा नाही, पुढच्या पावसाळ्यात ओढ्याकाठी एक तरी ताम्हण लावायचं आणि परसात लिंबाला जागा द्यायची. आपल्या राज्याची मानचिन्हं जपण्याचं हे काम प्रत्येक गावाला जमण्यासारखं आहे.