भरताचं वांगं आणि उकळलेला कंट्रोल

जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते कच्चं कापलं की फोडी काळ्या पडतात, पण भाजून सोललं तर गर फिकाच राहतो. असं का?

गरात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम असतं. पेशी फुटल्या की त्याची फिनॉल संयुगांशी गाठ पडते. हवेतला ऑक्सिजन वापरून ते त्यांचे क्विनोन बनवतं, आणि क्विनोन एकमेकांना जोडून तपकिरी रंग तयार होतो. एकच रेणू हे काम पुन्हा पुन्हा करतो, म्हणून थोडंसं एन्झाइम पुरतं. भाजताना मात्र त्या प्रथिनाची घडी मोडते आणि काम थांबतं. बरेच जण एवढंच पाठ करतात.

आता लिंबू पिळून बघा. रंग येत नाही. आम्लानं एन्झाइम मंदावलं, की क जीवनसत्त्वानं क्विनोन परत मूळ रूपात आणले? लिंबात दोन्ही आहे, त्यामुळे नुसत्या लिंबावरून कळणार नाही. एक फोड व्हिनेगरमध्ये, एक साध्या पाण्यात, एक पातळ फोड उकळून, अशा शेजारी ठेवा.

माझ्या पहिल्या प्रेझेंटेशनला गाईडनी विचारलं, "उकळलेलं सॅम्पल कुठंय?" नव्हतं. तीन महिन्यांची रीडिंग्ज परत घेतली.